सरकारी वकिली की स्वतंत्र वकिली?

(कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे केलेले भाषण)



घरातील मुलगा वा मुलगी कायद्याची पदवी घेऊन आली म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. हा प्रश्न क्षुद्र नव्हे. ज्या घराने कर्ज काढून शिकविले, त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. भगवान बुद्धांनी गृहस्थाला सम्यक् आजीविका सांगितली. दारिद्र्य सांगितले नाही.

सहायक सरकारी अभियोक्त्यास ठरलेले वेतन व रजा मिळते. नव्या वकिलास यांपैकी काहीच नसते. तो ज्येष्ठाच्या हाताखाली तारखा घेतो, अर्ज लिहितो आणि मिळेल त्यात भागवितो. पुढे त्याची मिळकत सरकारी वेतनाहून कित्येक पट वाढू शकते. परंतु ती वाढेलच असे कोणी लिहून देत नाही. पक्षकार बहुधा ओळखीने येतात, आणि ती ओळख आपल्या मुलांपाशी नसते.

बाबासाहेबांनी दोन्ही वाटा पाहिल्या. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत पद होते, पण राहावयास जागा मिळाली नाही. १९२३ साली त्यांनी मुंबईस वकिली सुरू केली. तेथेही अस्पृश्यता आडवी आली. प्रपंचासाठी १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकविला. पण वकिली सोडली नाही. चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल १९३७ साली हायकोर्टात आपल्या बाजूने लागला.

मग श्रेष्ठ काय? अभियोक्ता खटला निवडू शकत नाही. परंतु गरीब फिर्यादीचा खटला तो नीट चालवील, तर ती मोठीच सेवा होय. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली विशेष सरकारी वकील नेमताना, सरकारी अभियोक्त्याखेरीज, किमान ७ वर्षे वकिली केलेल्या वकिलाचीही निवड करता येते. २०१५ च्या दुरुस्तीने जामिनाच्या वेळी पीडितास आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. तो हक्क बजावण्यास स्वतंत्र वकील लागतो. सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या निर्णयानुसार कनिष्ठ न्यायाधीशपदासाठीही ३ वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. म्हणजे आपली मुले पहिली वर्षे वकिलीत टिकली नाहीत, तर न्यायासनाची वाटही त्यांना बंद होते.

म्हणून माझे सांगणे असे: ज्या घरी दुसरी मिळकत नाही व कर्जाचा हप्ता थकला आहे, त्या घरच्या मुलाने सरकारी पद घ्यावे, त्यात कमीपणा मानू नये. ज्या घरी दोन वेळची सोय आहे, त्याने मुलाला वा मुलीला ३ वर्षे सांभाळावे व दरमहा पगाराचा टोमणा मारू नये.

आणि एक गोष्ट आपणा सर्वांस लागू आहे. जमिनीचे खरेदीखत असले म्हणजे आपण दुसऱ्याच्या वकिलाकडे फी मोजतो, आणि संकट आले म्हणजे आपल्या वकिलाकडे फुकट जातो! ही रीत मोडा. ज्याच्यापाशी देण्याची ऐपत आहे त्याने आपल्या वकिलास पूर्ण फी द्यावी. ज्याची ऐपत नाही त्याने तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसास, त्याची मिळकत न पाहता, तेथे मोफत वकील मिळतो. आणि १९९० पासून हा दर्जा त्या जातींतून आलेल्या बौद्धांसही आहे.

वकील पोसला तरच हक्क जगेल. जय भीम!