आधी कडी, मग रंग

सोलापूर-तुळजापूर रस्त्याला आमच्या घराला लागून चार खोल्यांचा लॉज आहे. सुरुवातीला आम्हाला वाटलं, चादरी धुतल्या, पाणी तापवलं की झालं. मग कळलं, वहीही तितकीच महत्त्वाची. नाव, पत्ता, आल्या-गेल्याची वेळ, ओळखपत्राची झेरॉक्स, सही.

कोजागरीला सोलापुराहून भाविक चालत तुळजापूरला जातात. त्या गर्दीत एका रात्री एक बाई लेकराला घेऊन आली. पायाला फोड आलेले, सोबत पुरुष नाही. घरातली माणसं म्हणाली, "नको, उगाच भानगड." सासूबाई म्हणाल्या, "आधार कार्ड दाखवतीय, वहीत सही करतीय, मग भानगड कसली?"

खोली दिली, तर आतली कडीच ढिली! दाराला खाट लावून ती निजली. आम्हाला मात्र झोप लागली नाही.

सकाळी आधी सुतार बोलावला. आता चारही दारांना भक्कम कडी आहे, अंगणात रात्रभर दिवा असतो. खोली देण्याआधी कडी आम्ही स्वतः लावून बघतो.

तुम्हीही लॉज काढणार असाल, तर भिंतीच्या रंगाआधी दाराची कडी बघा.