मुलांच्या नावाने दिलेला पैसा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव-निधीचा एक वाटा शहापूर व मुरबाड तालुक्यांत मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेस द्यावा, असे आपल्या समितीने ठरविले आहे. निर्णय स्तुत्य आहे. परंतु ‘एखाद्या’ या शब्दापाशी समिती थबकली. आणि संस्था कशी पारखावी हे सांगण्याचे काम, मी उभा जन्म हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालविला म्हणून, माझ्या माथी आले. मी वक्ता नव्हे. तेव्हा भाषेचा डौल न पाहता आपण मजकुराकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती.

हे दोन तालुके आपणांस परके नाहीत. तानसा, भातसा व वैतरणा यांचे पाणी मुंबई पिते. आणि ज्या डोंगरांच्या कुशीत ते साठते, तेथल्याच कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. दिवाळी सरली की कातकरी व ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि आईबापांच्या मागोमाग मुलेही शाळा सोडून जातात. मूल गावी राहावे, शिकावे आणि पोटभर जेवावे, यासाठी तेथे वसतिगृहे व बालगृहे हवीत, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, आपण दिलेला रुपया त्या मुलाच्या ताटापर्यंत पोहोचतो किंवा नाही, हे कळावे कसे?

हा प्रश्न नुसता हिशेबाचा नाही. २०१० साली शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात कुपोषणाने व हेळसांडीने मुले दगावल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची आपण होऊन दखल घेतली, आणि राज्यातील अशा गृहांवर देखरेख ठेवण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राध्यापिका डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. याच समितीच्या भेटीतून २०११ साली पनवेलजवळील एका गृहातील मुलींवरील अत्याचार उजेडात आले, व पुढे गुन्हेगारांस शिक्षा झाल्या. बंधुभगिनींनो, अशा दारांवरही ‘सेवा’ हीच अक्षरे लिहिलेली असतात. पाटी पाहून परत फिरणारा दाता मुलांस कोणत्याही संकटातून सोडवू शकत नाही.

कित्येकांस वाटते की, धर्मकार्यात हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. वास्तविक गोष्ट उलट आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवून पाठविण्याची वेळ आली, तेव्हा संत पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा एक बंधू दिला, तो एवढ्याचसाठी की, कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये. उलट, बेथानीच्या घरी सुगंधी तेल गोरगरिबांसाठी का विकले नाही, असे ज्याने विचारले, पैशाची पिशवी त्याच्याच हाती होती, आणि तिच्यात तो हात घालीत असे, हे योहानाने लिहून ठेवले आहे. गरिबांचे नाव ओठांवर असणे ही प्रामाणिकपणाची साक्ष नव्हे. १९८३ सालच्या आपल्या धर्मसंहितेतही दोन कलमे स्पष्ट आहेत : ज्या हेतूने देणगी दिली त्याच हेतूसाठी ती खर्चावी (कलम १२६७), आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या द्रव्याचा हिशेब श्रद्धावंतांस द्यावा (कलम १२८७). तेव्हा विचारणे हा आपला हक्क आहे. किंबहुना कर्तव्य आहे.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांमागे आमच्या मंडळाने एका वसतिगृहाच्या छपरासाठी रक्कम जमविली. संस्थेचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही. मृगाचा पाऊस लागल्यावर आम्ही तेथे गेलो, तो तेच गळके छप्पर! मी वह्या मागितल्या. व्यवस्थापिकाबाईंनी त्या निमूटपणे पुढे ठेवल्या. अनुदान आठ महिने आले नव्हते; किराणा दुकानदाराने उधारी बंद केली होती; आमचे पैसे तांदूळ-डाळीत गेले होते. एक पैही कोणी खाल्ली नव्हती. तरी छप्पर नव्हते, आणि मुले ओल्या गोधड्यांवर निजत होती. आम्ही संतापलो, दिलेला शब्द मोडला म्हणून पुढील मदत थांबविली, आणि आपण मोठा न्याय केला अशा समाधानाने घरी आलो. पुढल्या वर्षी तेथील मुलांची संख्या निम्म्यावर आल्याचे कानी पडले. उरलेली मुले कोठे गेली, हे आम्ही विचारलेदेखील नाही.

त्या बाईंची चूक एवढीच की, अडचण आली त्या दिवशी त्यांनी आम्हांस कळविले नाही. आमची चूक मोठी. आम्ही छपराला पैसे दिले. परंतु छपराखालच्या चुलीचा हिशेब कधी विचारला नाही. तो विचारला असता, तर संकट दोन महिने आधीच दिसले असते. म्हणून आज जे सांगणार आहे, ते चोर पकडण्याचे शास्त्र नव्हे. मुलांवरील संकट वेळीच ओळखण्याची ती रीत आहे.

पहिली गोष्ट नोंदणीची. आपल्या राज्यात बहुतेक संस्था १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. काही कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील असतात, त्यांचे कागद कंपनी निबंधकाकडे सापडतात. परंतु ही नोंदणी संस्थेची झाली. मुले ठेवण्याची परवानगी निराळी. निराधार वा संरक्षणाची गरज असलेली मुले जेथे राहतात, त्या प्रत्येक गृहास २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याच्या ४१व्या कलमाखाली नोंदणी सक्तीची आहे. ती न करणे हा गुन्हा आहे. अशा गृहात मूल येते ते बालकल्याण समितीच्या आदेशाने. तेव्हा ‘आमचा न्यास नोंदलेला आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ‘मुले कोणाच्या आदेशाने येथे आहेत?’ हा दुसरा प्रश्न लगेच विचारावा.

दुसरी गोष्ट तपासलेल्या हिशेबांची. विश्वस्तसंस्थेचा ताळेबंद आठव्या अनुसूचीच्या नमुन्यात असतो, व उत्पन्न-खर्चाचे पत्रक नवव्या अनुसूचीच्या. दोन्ही मिळून चार-पाच पानांचा ऐवज. आकड्यांस भिण्याचे कारण नाही. एका वर्षाचे न मागता तीन वर्षांचे मागावेत, कारण माणसाप्रमाणे संस्थेचाही स्वभाव एका दिवसात कळत नाही. सोबत लेखापरीक्षकाचा अहवाल अवश्य वाचावा. त्यात त्याला ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : वह्या नियमित लिहिल्या आहेत काय? तपासणीच्या दिवशी हातातील रोकड व पावत्या वहीशी जुळल्या काय? पाच हजार रुपयांवरील बांधकामास वा दुरुस्तीस निविदा मागविल्या होत्या काय? एखाद्या विश्वस्ताचा गुंतवणुकीत स्वतःचा हितसंबंध आहे काय? या उत्तरांत जेथे नुसता ‘नाही’ असावयास हवा तेथे लांबलचक खुलासा दिसला, तर तेथे बोट ठेवून विचारावे.

ताळेबंदात आणखी एक ओळ पाहावी : विशिष्ट हेतूसाठी राखलेले निधी. आपण छपरासाठी दिलेली रक्कम छप्पर होईपर्यंत त्या ओळीत दिसली पाहिजे, आणि तिच्या समोरच्या बाजूस बँकेत निदान तेवढी शिल्लक हवी. निधी कागदावर उभा आणि बँक रिकामी, असे असेल तर पैसा दुसरीकडे वळला आहे. माझ्या त्या वसतिगृहात नेमके हेच झाले होते. मला ते घरबसल्या वाचता आले असते.

आता एक साधा भागाकार करू. कल्पना करा, एका वसतिगृहात ४० मुले आहेत व वर्षाचा खर्च २४ लाख रुपये आहे. म्हणजे दर मुलामागे वर्षाला ६०,००० व महिन्याला ५,००० रुपये. संस्थेचे पत्रक जर म्हणत असेल की, ‘महिना २,००० रुपये द्या व एका मुलाचा संपूर्ण भार उचला,’ तर उरलेले ३,००० कोठून येतात हे विचारावे. अनुदानातून येत असतील, तर उत्तम. परंतु ४० मुलांचे १०० पालक-दाते असतील, आणि प्रत्येकास ‘हे मूल केवळ तुमच्यामुळे शिकते’ असे पत्र जात असेल, तर पैसा कदाचित योग्य जागी जात असेलही. पण सत्य मात्र वाटेत सांडले आहे.

येथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. ‘व्यवस्थापनावर कमीत कमी खर्च करणारी संस्था तीच उत्तम’ असे आपण समजतो. मुलांच्या गृहात रात्री तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसणाऱ्या मावशीचा पगार हा व्यवस्थापनाचा खर्च नव्हे. तीच सेवा आहे. टोकावड्याच्या पलीकडल्या पाड्यावरून आजारी मुलास मुरबाडला आणणाऱ्या जीपचे डिझेल ही चैन नव्हे. परदेशी देणग्यांपुरता कायद्याने २०२० पासून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांवर आणला, आणि अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यासही बंदी घातली. पण टक्केवारीपेक्षा माणसे पाहावीत. पगार कोणास, कोणत्या कामाचा, आणि विश्वस्तांच्या घरातील किती जणांस? मावशीस तुटपुंजे वेतन व अध्यक्षांच्या चिरंजीवांस मोटार, असे दिसले तर टक्केवारी कितीही देखणी असो, आपला हात आखडता घ्यावा.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष भेटीची. समारंभाच्या दिवशी जाऊ नये. साध्या दिवशी, पूर्वसूचना देऊन परंतु जेवणाच्या वेळी जावे. हजेरीपट व कोठीची वही शेजारी शेजारी ठेवावी. चाळीस मुलांस दररोज प्रत्येकी ४०० ग्रॅम तांदूळ धरला, तर दिवसाला १६ किलो व महिन्याला ४८० किलो होतात. मे महिन्यात मुले घरी गेली असता तांदूळ तितकाच शिजलेला दिसला, तर वही बोलू लागली म्हणून समजा. आणि भर श्रावणात निम्माच शिजलेला दिसला, तर ती रडू लागली म्हणून समजा. कवडासच्या बातम्या वाचल्यापासून मी कोठीची वही आधी उघडतो व ताळेबंद मागाहून.

देणगी शक्यतो बँकेमार्फत द्यावी. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले होते. तेथल्या दुकानदारांस जे शिकता आले, ते आपणांस अवघड नाही. दोन हजारांवरील रोख देणगीस प्राप्तिकराची सवलतही २०१७ पासून मिळत नाही.

एक मर्यादा मात्र आपणही पाळावी. पारदर्शकता पैशाची असते, मुलांच्या चेहऱ्यांची नव्हे. संरक्षणाखालील मुलाचे नाव, छायाचित्र वा ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. दात्याच्या समाधानासाठी मुलास रांगेत उभे करून त्याची करुण कहाणी वदवून घेणारी संस्था नियम मोडते. आणि तशी मागणी करणारा दाता त्या मुलाचे दैन्य विकत घेतो.

हेतूही उघड असावा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन उघडले, तेव्हा त्यामागे अमेरिकेतील दात्यांचे मंडळ होते व येथे सल्लागार मंडळ होते. १८९३ साली संस्थेतील धर्मविषयक धोरणावरून वाद होऊन न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार बाहेर पडले. त्या वादात कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नाही. संस्थेत काय चालते याविषयी पालकांची, दात्यांची व चालकांची समजूत एक नसेल, तर चोख हिशेबही तिला वाचवीत नाही, एवढे त्यातून शिकावे. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आपल्या धर्मबंधूंच्या संस्थांनी तर विशेषेकरून, आपण मुलांस काय देतो व काय मागत नाही, हे पालकांस त्यांच्या भाषेत सांगावे.

शेवटी समितीस माझ्या तीन सूचना आहेत. निधी एकरकमी न देता तीन हप्त्यांत द्यावा. त्यातील काही भाग कोणत्याही हेतूने न बांधता द्यावा, म्हणजे अनुदान रखडल्यास चूल विझणार नाही व छपराच्या पैशास हात लागणार नाही. आणि संस्थेस एक प्रश्न लेखी विचारावा : ‘पैसे कमी पडले, तर तुम्ही आम्हांस केव्हा कळवाल?’ जी संस्था ‘त्याच आठवड्यात’ असे उत्तर देईल व तसे वागेल, तिच्यावर विश्वास ठेवावा. कळविले म्हणून तिच्यावर रागावणार नाही, असा शब्द मात्र आपणही द्यावा.

आणि दुसऱ्याची वही उघडण्यापूर्वी आपली उघडावी. या महोत्सवात किती जमले, मंडपास किती गेले, जेवणावळीस किती, आणि मुलांच्या वाट्यास किती उरले, याचा तपासलेला हिशेब येत्या ईस्टरपूर्वी चर्चच्या दारावर लावावा, अशी माझी नम्र मागणी आहे. मंडपाचा आकडा मुलांच्या आकड्याहून मोठा निघाला, तर आपण शरमावे; परंतु तो लपवू नये.