उपचार संपले, नेम संपला नाही
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मी डॉक्टर नाही. चाळीस वर्षे मीटरने कापड मोजणारा व्यापारी आहे. हल्ली मात्र रोज सकाळी स्वतःचे तोंड मिलिमीटरने मोजतो.

ग्राहकापुढे सुपारीची डबी सरकवावी आणि आपणही चिमूटभर तोंडात टाकावी, ही माझी जुनी सवय. तंबाखूविना सुपारीही कर्करोगास कारण ठरते, हे फार उशिरा कळले. तीन वर्षांपूर्वी गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढे साडेसहा आठवडे किरणोपचार चालले. जबड्याचे व्यायाम करण्यास मला सांगितले होते. तोंड सोललेले असल्याने मी ते टाळले. चार महिन्यांनी पुढच्या दातांमधील अंतर अवघे १८ मिलिमीटर उरले. नातवाच्या वाढदिवशी पंगत सोडून मी आतल्या खोलीत एकट्याने पेज प्यालो.

किरणांमुळे चघळण्याचे स्नायू हळूहळू तंतुमय व ताठर होतात. ही क्रिया उपचार संपल्यावरही चालू राहते. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागले की डॉक्टर त्यास ‘ट्रिसमस’ म्हणतात. घरगुती खूण सोपी आहे : स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमध्ये मावतात का, ते पाहावे. जेवण, बोलणे, दातांची स्वच्छता, डॉक्टरांची तपासणी, सारेच या अंतरावर अवलंबून असते.

म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने व्यायाम लवकर सुरू करावा. तोंड सावकाश उघडून काही क्षण तसेच धरावे, जबडा डावी-उजवीकडे न्यावा; सांगितल्यास लाकडी पट्ट्यांची चळत दातांत धरून एकेक पट्टी वाढवावी. बळजबरी करू नये. तोंड अचानक अधिक मिटू लागल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे. दात काढण्यापूर्वी किरणोपचार झाल्याचे दंतवैद्यांना अवश्य सांगावे, कारण त्या हाडाची जखम सहजी भरत नाही.

दोन वर्षांच्या नेमाने माझे १८ चे २९ झाले. ३५ कदाचित कधीच होणार नाहीत. जे आरंभी राखता आले असते, ते आता कणाकणाने मिळवावे लागते.

आपल्यापैकी कोणी अशा रुग्णाच्या भेटीस गेल्यास केवळ सांत्वन करू नये. ‘आज व्यायाम झाला का?’ एवढे आवर्जून विचारावे. मला तेव्हा कोणी तसे विचारले असते, तर मी पंगतीत बसलो असतो.

जय जिनेंद्र!