भाडेकरू होण्याचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



घरांच्या प्रश्नावर बोलायचे म्हटले की आपल्यापुढे झोपडपट्टी उभी राहते, नाहीतर मोडकळीस आलेली चाळ. ते स्वाभाविक आहे. या दोन्ही प्रश्नांवर आपल्या चळवळीने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. मला आज बोलायचे आहे ते मुंबईत भाड्याने घर शोधत हिंडणाऱ्या माणसाविषयी. हा माणूस आपल्या सभांना येत नाही. आला तरी पुढच्या वर्षी आपण कोणत्या प्रभागात असू, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते.

माझ्या परिचयाची एक परिचारिका आहे. मराठवाड्यातून आलेली, परळला नोकरी. रात्रपाळी संपवून ती दलालाबरोबर जागा पाहावयास जात असे. पहिला प्रश्न भाड्याचा नसे. आडनाव काय, हा पहिला प्रश्न. मांसाहार करता काय, हा दुसरा. लग्न झाले आहे काय, हा तिसरा. जात कोणी उघडपणे विचारीत नाही, आडनावावर काम भागते. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारायचे. तिच्याबरोबर राहू इच्छिणारी मैत्रीण मुसलमान आहे हे कळताच 'जागा कालच गेली' असे उत्तर आले. ती जागा पुढे दोन महिने कुलूपबंद होती. एका ठिकाणी सारे जमत आले, तर सोसायटीच्या सचिवांनी हरकत घेतली की बाई रात्री घराबाहेर असतात. उद्या या गृहस्थांना मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले, तर तेथे जागी असणारी बाई कोण असेल, हा विचार त्यांना शिवला नसावा. अखेर तिला खोली मिळाली ती डोंबिवलीस. अनामत रक्कम आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली भरण्यासाठी तिने गावाकडून उसने आणले. अकरा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

असे का होते, यावर आपले उत्तर तयार असते: घरमालक लोभी आहेत आणि सरकार त्यांचे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तरावर समाधान मानण्याची सवय आपल्याला लागली आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. महायुद्ध आणि फाळणीनंतरच्या त्या काळात हा कायदा नसता तर गिरणगावातील हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. त्याचे रक्षण करणे हे आपले कर्तव्यच होते. पण भाडी गोठली आणि ती पन्नास वर्षे जवळजवळ तशीच राहिली. मालकाने दुरुस्ती सोडली, नवे घर भाड्यासाठी बांधणे सोडले. जो आत होता तो सुरक्षित झाला. जो उद्या येणार होता त्याच्यासाठी दार बंद झाले, आणि त्या दाराची किंमत पागडी या नावाने काळ्या पैशात ठरू लागली. १९७३ साली दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस परवाना तत्त्वावर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. आपण आनंद मानला. त्यानंतर येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आपल्यातील फार थोड्यांनी विचारला. आपण भाडेकरूंची चळवळ केली. ज्यांना भाडेकरूच होता येत नव्हते त्यांची केली नाही. हे कबूल करताना मला कमीपणा वाटत नाही.

१९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि नव्याने येणाऱ्याला भाडेकरू न म्हणता परवानाधारक म्हटले. मुदत संपताच त्याने जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम मोजावी लागते. जुना भाडेकरू आणि नवा परवानाधारक एकाच गल्लीत राहतात, पण एकाचा हक्क वारसाने चालतो आणि दुसऱ्याचा अकराव्या महिन्यात संपतो.

घरे नाहीत म्हणावे तर तेही खरे नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यांतील चार लाखांहून अधिक एकट्या मुंबईत होती. घर हे राहण्यासाठी नसून पैसा ठेवण्याची तिजोरी झाले की असेच व्हायचे. 'सहकारी' म्हणविणाऱ्या सोसायट्यांविषयी तर काय बोलावे! सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारी पोटनियमाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य मानली. भाड्याचे घर नाकारताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही.

मग शासनाने काय केले? इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सगळ्या भाड्याच्या. २००८ साली महानगर प्रदेशासाठी भाड्याच्या घरांची योजना निघाली तीही १६० चौरस फुटांचीच. पुढे त्यांतली कित्येक घरे अन्य कामांकडे वळविली गेली. म्हाडाची सोडत म्हणजे मालकी हक्काची सोडत. आपल्या मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने दिंडोशीला सुमारे सहा हजार घरे उभी केली, ही अभिमानाची गोष्ट. पण तीही सभासदांच्या मालकीची. ज्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याच्या आधारे ती जमीन मिळाली, तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला.

घरे बांधून ती न विकता स्वतःकडे ठेवणारे शासन असू शकते काय, असे कोणी विचारील. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली गृहनिर्माण कर बसविला. मोठ्या बंगल्यांवर जबर, कामगारांच्या खोल्यांवर नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली. १,३८२ घरांच्या कार्ल मार्क्स हॉफवर १९३४ च्या फेब्रुवारीत तोफा डागल्या गेल्या, तरी वास्तू टिकली आणि आजही ती भाड्याचीच आहे. मुंबई व्हिएन्ना नव्हे, हे मला कळते. पण सार्वजनिक जमिनीवरचे घर विकायचे नाही, भाड्यानेच द्यायचे, एवढी मागणी आपल्या जाहीरनाम्यात असण्यास काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. तोवर हाताशी असलेले एक हत्यार आपण वापरत नाही. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे, आणि ती करण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अनामत बुडविलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे? पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या वस्तीतील परवान्यावर राहणाऱ्या पाच कुटुंबांची करारपत्रे पाहून यावे. ज्यांच्याकडे करारच नाही, त्यांची नावे स्वतंत्र कागदावर आणावीत.