चरबी बाईची, माप कुणाचं?

(नाशिकमध्ये महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हल्ली व्यायामशाळेत, आरोग्य शिबिरात काट्यावर उभं राहिलं की वजनाबरोबर चरबीचे टक्केही दिसतात. कॉलेजातल्या मुली विचारतात, ‘ताई, भावाचा आकडा १५ आणि माझा २६. मी जाड आहे का?’ या आकड्यावरून तरी नाही. ते का, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

एकूण वजनात चरबीचा वाटा किती, ते हा आकडा सांगतो. ५० किलोच्या बाईत २५ टक्के म्हणजे साडेबारा किलो. शरीराचं काम नीट चालायलाच पुरुषाला सुमारे ३ टक्के चरबी लागते, बाईला सुमारे १२. निरोगी पुरुषात ती साधारण १० ते २० टक्के असते, निरोगी बाईत २० ते ३०. वयाबरोबर थोडी वाढते. मांड्या-नितंबांवरची चरबी ही गरोदरपणाची आणि अंगावर पाजण्याची शिदोरी. उपाशी राहून ती फार उतरवली तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. शिवाय ते यंत्र अंगातून सौम्य वीज सोडून नुसता अंदाज बांधतं. शरीरातलं पाणी कमीजास्त झालं तरी आकडा बदलतो.

आता दुसरी बाजू. दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरी करणारी एक बाई. वजन ४२ किलो. सतत थकवा, घशाला कोरड, पायाची जखम भरत नाही. एका दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवलं. साखर तपासलीच नाही. ‘एवढ्याशा बाईला कसला मधुमेह?’ पुढे तपासणी झाली तेव्हा साखर तीनशेच्या वर होती.

हे कोडं पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण देऊन मांडलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन यडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला गेला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण यडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त.

हे जन्मापासूनच सुरू होतं. केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी भरले, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे आईच्या ताटाचा प्रश्न लेकराच्या मधुमेहापर्यंत पोचतो. आणि घरात सर्वांत शेवटी जेवतं कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. डाळ संपलेली, अंडं पोरांना दिलेलं. उरतो भात आणि वर चहा. त्यावर स्नायू कसे भरणार?

मग करायचं काय? शिंप्याची टेप पुरते. परकराच्या नाडीच्या जागी मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाचा ९० च्या वर गेला की सावध व्हायचं, कारण पोटातली चरबी जास्त घातक. आशाताई भरतात त्या तक्त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे. तो खरंच मोजून भरला जातो का, ते बघा. गटात मोजताना आकडा मोठ्याने वाचू नका, कुणाची थट्टा होऊ देऊ नका.

३० वर्षांवरच्या प्रत्येकीची मधुमेहाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. ‘तू बारीक आहेस, तुला गरज नाही’ असं कुणी म्हटलं तर उठू नका. तपासणी मागा. एकटीने जमत नसेल तर चौघी मिळून जा.