ठोक्याची गोष्ट
वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संक्षिप्त शब्दांकन

बोलायला उभा राहण्यापूर्वी मी या घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी सोडली. तिच्या बुडाला बारीक भोक आहे. पाणी आत झिरपतं, वाटी भरते आणि बुडते. त्याला 24 मिनिटं लागतात. हे घटिकापात्र; अशा 60 घटका म्हणजे एक अहोरात्र. ‘घटका भरली’ हे आपण आज गंभीर अर्थाने म्हणतो, पण मुळात ते या वाटीचं साधं वर्णन आहे. वाटी बुडाली की काशाच्या थाळीवर ठोका पडायचा. त्या थाळीला म्हणायचे तास. वाजवायच्या वस्तूचं नाव आपण काळाला दिलं, हे मला फार आवडतं. आपल्या भाषेला ठाऊक होतं की काळ मोजायचा तर आधी ठोका हवा.

पंचांगात घटकेची 60 पळं आणि पळाची 60 विपळं होती. विपळ म्हणजे 0.4 सेकंद. गणितात ते होतं, पण वाटीला ते मोजता येत नव्हतं; तिचा ठोका 24 मिनिटांनी एकदा. घड्याळाचा पुढचा सगळा प्रवास मला अधिक जलद आणि तरीही न चुकणाऱ्या ठोक्याच्या शोधाचा वाटतो.

युरोपातली मनोऱ्यांवरची जुनी घड्याळं दिवसाला पाव तासही चुकत. 1656 मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने घड्याळाला लंबक जोडला आणि चूक काही सेकंदांवर आली. पण लंबक जमिनीवरचा. डोलणाऱ्या जहाजावर तो निरुपयोगी, आणि अचूक वेळेची सगळ्यात मोठी निकड तर जहाजावरच होती. सूर्य डोक्यावर आला की तिथली दुपार कळते; त्या क्षणी आपल्या बंदरात किती वाजलेत हे कळलं, तर रेखांश सापडतो. 4 मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश, विषुववृत्तावर सुमारे 111 किलोमीटर. घड्याळ चुकलं तर जहाज खडकावर.

ब्रिटनच्या संसदेने 1714 मध्ये यासाठी 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस ठेवलं. त्यामागे लागला जॉन हॅरिसन, मूळचा सुतार. त्याचं पहिलं सागरी घड्याळ सुमारे 34 किलोचं. तिसऱ्यावर त्याने 19 वर्षं घालवली. आणि मग त्याला कळलं की वाटच चुकली होती. मोठं, जड, संथ यंत्र लाटेच्या हेलकाव्यात सापडतं. लहान चक्र जोरात, झपाझप मागेपुढे फिरवलं तर लाट त्याचं फारसं बिघडवू शकत नाही. भोवऱ्याचं पाहा ना: वेगात असेल तर धक्का पचवतो, मंदावला की कोलमडतो. चौथं घड्याळ त्याने 1759 मध्ये पुरं केलं. व्यास फक्त 13 सेंटिमीटर, सेकंदाला 5 ठोके. 1761 मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. 81 दिवसांनी, रोजचा ठरलेला फरक धरून, घड्याळ केवळ 5 सेकंद मागे होतं! एवढं करूनही उरलेले पैसे पदरात पडेपर्यंत 1773 उजाडलं. म्हातारा तेव्हा 80 वर्षांचा होता. हे वाचताना मला आजही संताप येतो.

हॅरिसनच्या घड्याळाचा तो ठोका आपल्याही ओळखीचा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एचएमटी कंपनीचं ‘जनता’ हे मनगटी घड्याळ असेल. बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. त्या किल्लीच्या घड्याळाचेही सेकंदाला 5 ठोके, म्हणजे विपळाला दोन. पंचांगातलं विपळ असं मनगटावर आलं.

मग 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत 4,50,000 येन, चूक महिन्याला 5 सेकंदांच्या आत. क्वार्ट्‌झ म्हणजे स्फटिक. त्याला वीज दिली की तो कंप पावतो. ‘अ‍ॅस्ट्रॉन’चा स्फटिक सेकंदाला 8,192 वेळा थरथरायचा. आज तुमच्या मनगटावरचा बहुधा 32,768 वेळा थरथरतो. हाच विचित्र आकडा का? घरी गेल्यावर मुलांकडून 1 ची दुप्पट, त्याची दुप्पट असं करून घ्या: 2, 4, 8, 16... 15 वेळा दुप्पट झाली की नेमका हा आकडा येतो. विजेच्या मंडलाला सगळ्यात सोपं काम म्हणजे एक ठोका गाळून दुसरा पुढे पाठवणं, निम्मे करणं. असं 15 वेळा केलं की उरतो सेकंदाला एक ठोका, आणि त्यावर काटा सरकतो. कंपनं याहून फार कमी ठेवली तर स्फटिक मोठा होतो, वाढवली तर बॅटरी लवकर संपते. असा हिशोब सुचणाऱ्या माणसांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

1967 पासून तर सेकंदाची व्याख्याच सिझियमच्या अणूवर आहे: 9,19,26,31,770 कंपनं. भारताची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अशाच अणुघड्याळांवर राखली जाते.

वाटी आता काठापर्यंत भरत आलीय. टेबलावर माझं ‘जनता’ आहे, सकाळीच किल्ली दिलेलं. ज्यांना हवं त्यांनी पुढे येऊन ते कानाला लावावं. पाच ठोके सुटे मोजता यायचे नाहीत, पण ऐकू येतील. तेवढ्यासाठी कुणीतरी पंखे बंद करा.