गाळ्यातील गारवा आणि विजेचे बिल

(सेंगकांग येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहात प्रवेश करताना आम्ही एक दृश्य पाहिले. बाहेर भर दुपारचे ऊन आहे आणि आत आमच्या भगिनींनी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतले आहेत. मागच्या रांगेतील एका आजींनी तर पिशवीतून शाल काढली. विषुववृत्तापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील या गावी आपण पैसे मोजून थंडी विकत घेतो आणि तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून शालही सोबत आणतो. आमचा आजचा विषय त्या शालीपासूनच सुरू होतो.

आपल्यापैकी बहुसंख्य मंडळी नोकरदार आहेत. तथापि काही कुटुंबांनी शिकवणी वर्ग, किराणा, शिवणकाम, डबे असे लहान व्यवसाय सुरू केले आहेत आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. ज्याच्या मागे वाडवडिलांचे भांडवल नाही, त्याचा धंदा बहुधा एखाद्या मोठ्या तोट्याने बुडत नाही. दरमहाच्या ठरलेल्या खर्चाने तो हळूहळू झिजतो. भाडे आपल्या हाती नसते. वीज मात्र पुष्कळशी आपल्या हाती असते, आणि इथल्या लहान गाळ्यात विजेचा फार मोठा वाटा वातानुकूलनच गिळते. सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूपासून बनते आणि तो वायू बाहेरून येतो. २०२१ च्या अखेरीस जगभर वायूचे भाव कडाडले, तेव्हा येथील अनेक वीज-विक्रेत्या कंपन्यांनी बाजारच सोडला आणि त्यांचे ग्राहक असलेल्या व्यावसायिकांची त्रेधा उडाली, हे आपणांपैकी काहींना स्मरत असेल.

सेंगकांगची पहिली घरे आणि त्यांच्या तळमजल्यावरील दुकाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभी राहू लागली. त्यापूर्वी येथे शेते आणि रबराचे मळे होते. म्हणजे ज्याला आपण नवे गाव म्हणतो, त्यातील पहिल्या इमारती आता पंचविशी ओलांडून गेल्या आहेत. एसीचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे. त्यामुळे अनेक गाळ्यांत दुसरे वा तिसरे यंत्र घेण्याची वेळ आली आहे, आणि चूक होते ती नेमकी याच वेळी.

आमच्या ओळखीच्या एका दांपत्याचा शिकवणी वर्ग आहे. दोन खोल्या, पश्चिमेला मोठी काच, जुने यंत्र. दुपारी चारनंतर मुले घामाघूम होत. यंत्र बसविणाऱ्याने, आणि तो कोण हे सांगण्याचे प्रयोजन नाही, एकच उपाय सुचविला : मोठे यंत्र घ्या. त्यांनी कर्ज काढून ते घेतले. खोली पाच मिनिटांत थंडगार होई आणि यंत्र बंद पडे. पण हवेतील दमटपणा जाईना. एकाच वेगाने चालणारे यंत्र गरजेपेक्षा मोठे असले की असेच होते. तापमान चटकन उतरते, परंतु पाणी शोषण्याइतका वेळ यंत्र चालतच नाही. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरली, वह्यांची पाने दमट झाली, आणि बिल तर वाढलेच. वर्ग बंद करावा काय, असे विचारायला ते दोघे आमच्या घरी आले होते. त्या रात्री ताईंच्या हातात बिलांची गड्डी होती आणि त्या एकदाही खुर्चीला टेकून बसल्या नाहीत.

आम्ही यंत्राकडे पाहिलेच नाही. आधी काचेकडे पाहिले. या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो. उत्तर-दक्षिणेच्या भिंतींना लहानसे छज्जेही पुरतात. पण पूर्व-पश्चिमेच्या काचेवर ऊन तिरपे येऊन थेट आत शिरते. काचेवर ऊन परतविणारा पातळ पडदा चिकटविला आणि बाहेर छत टाकण्याची परवानगी मागितली. आतल्या पडद्याचा उपयोग थोडाच, कारण ऊन काचेतून आत आले की उष्णता आत आलीच.

मग दिवे. समजा, बारा जुन्या ट्यूब आहेत. चोकसह प्रत्येकी ४२ वॅट. त्याऐवजी १८ वॅटचे एलईडी दिवे बसविले, तर २८८ वॅट वाचतात. वर्षाला ३,००० तास धरले तर ८६४ युनिट. परंतु दिव्याने खाल्लेली वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच राहते आणि ती बाहेर काढण्यासाठी एसीला आणखी सुमारे एक-तृतीयांश वीज लागते; म्हणून बचत १,१५० युनिटांच्या घरात जाते. युनिटला ३० सेंट धरल्यास ३४५ डॉलर. हा हिशेब घरातील नववी-दहावीच्या मुलाकडून करून घ्यावा, असे आम्ही सुचवू. पालकांपेक्षा ती मुले तो लवकर मानतात.

तिसरी गोष्ट पंख्याची. पंखा खोलीला थंड करीत नाही, माणसाला करतो. अंगावरून वारा गेला की घाम सुकतो आणि २६ अंशांची हवा २४ अंशांसारखी वाटते. सिंगापूरमधीलच एका शून्य-ऊर्जा कार्यालयात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापमान २४ वरून २६.५ अंशांवर नेऊन छताचे पंखे लावले, तेव्हा सुमारे ३२ टक्के ऊर्जा वाचली, आणि कर्मचारी सुखावलेच. भारतातही १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतो. प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा तेथील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. संयोजकांना आम्ही मघाशीच विनंती केली असून या सभागृहाचा एसी आता २६ वर आहे व पंखे सुरू आहेत. आजींची शाल मांडीवर आलेली आम्हांस दिसते आहे.

यंत्र अगदी शेवटी आले. उष्णतेचा भार आधी कमी केल्यामुळे लहान यंत्र पुरले, आणि तेही गरजेनुसार वेग कमीजास्त करणारे इन्व्हर्टर पद्धतीचे. वर्ग आजही चालू आहे. मोठ्या यंत्राचे हप्ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत फेडले.

हाच क्रम मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल तर ब्रॅडेल रोडवरील शून्य-ऊर्जा इमारत पाहावी. ती नवी बांधलेली नव्हे. जुन्या तीन मजली कार्यशाळेचे रूपांतर करून २००९ मध्ये ती सुरू झाली. आधी ऊन अडविणे, नैसर्गिक प्रकाश आत घेणे, गरम हवा सौर-धुरांड्यातून वर खेचून काढणे. आणि उरलेल्या गरजेपुरती छतावरील सौर वीज. जुनी वास्तू पाडावी लागत नाही, हे त्या इमारतीने दाखवून दिले.

एक इशारा. भिंतीवरचा साधा एसी ताजी हवा आणत नाही. तीच हवा फिरवितो. फटी बुजविण्याच्या उत्साहात वर्ग पेटीसारखा बंद केला तर तासाभरात मुले पेंगू लागतात, आणि आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही! बाहेरची हवा आणणारा लहान पंखा ठेवलाच पाहिजे. तेवढी वीज खर्ची पडू द्यावी.

ही स्मरणिका ब्रिटन-कॅनडातील आपल्या आप्तांच्याही हाती जाईल. त्यांच्याकडे प्रश्न उबेचा आहे, पण क्रम तोच : आधी छप्पर, फटी, तावदाने, मग यंत्र. उष्मापंप म्हणजे आपलाच एसी उलट्या दिशेने चालविलेला.

आता अवघड भाग. गाळा भाड्याचा असतो. काचेवर, छतावर, वायरिंगवर पैसा भाडेकरूने घालावयाचा आणि करार संपला की ती सुधारणा मालकाची. मालकाने करावी, तर बिल तो भरीत नाही. म्हणून कोणीच काही करीत नाही. तंत्रज्ञानापेक्षा हा मालकीचा पेच मोठा आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे भाषण केले, त्यातही वीज कोणाच्या मालकीची असावी हा प्रश्न त्यांनी आरंभीच्या प्रश्नांत ठेवला होता. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याखेरीज उद्योग वाढणार नाहीत व दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांचे ते भाषण आपल्या घराघरांत फारसे वाचले जात नाही, याची आम्हांस खंत वाटते. आमचा अनुभव असा की, कराराचे नूतनीकरण हीच मागणीची वेळ. खर्च अर्धा-अर्धा, किंवा सुधारणेच्या बदल्यात कराराची मुदत वाढवून, असे लेखी मागावे. काही मालक ऐकतात.

सरकारी साहाय्यही आहे. २०२२ मध्ये येथील शासनाने खाद्यव्यवसाय व किरकोळ दुकाने आदींना कार्यक्षम यंत्रांसाठी ७० टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी योजना काढली. अशा योजनांच्या मुदती व अटी बदलत असतात, स्थानिक भागधारणेची अटही असते. म्हणून चालू नियम वाचूनच अर्ज करावा, आणि अर्जाआधी यंत्र खरेदी करू नये.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आपल्या खोलीतून काढलेली उष्णता नाहीशी होत नाही. ती मागच्या बोळात फेकली जाते. तेथे भांडी घासणारी बाई आणि कचरा उचलणारा मनुष्य उभा असतो. पुढच्या दालनातील गारवा आणि मागच्या बोळातील झळ, दोन्ही एकाच यंत्राची. बाहेरचे युनिट कोठे टांगायचे हे यंत्र बसविणाऱ्यावर न सोपविता आपण स्वतः त्या बोळात जाऊन, दुपारी तीन वाजता, पाच मिनिटे उभे राहून ठरवावे. आम्ही एका ठिकाणी उभे राहिलो आणि युनिट हलविले. नळी लांबली, खर्च वाढला. मालक कुरकुरले, पण तयार झाले.

ज्यांचे गाळे आहेत त्यांनी चहाच्या वेळी आम्हांस भेटावे. मागील बारा महिन्यांची बिले, यंत्रावरील पाटीचे छायाचित्र आणि भाडेकराराची प्रत एवढे द्यावे. पुढील चार रविवार आम्ही त्यासाठी मोकळे ठेवले आहेत. पश्चिमेच्या काचा असलेल्यांनी दुपारची वेळ मागावी.